कोरडे तळहात

परीक्षकांनी मृण्मयीच्या तळहाताला लावलेला घाममापक ठोकून पाहिला. आकडा शून्यच.

“अहो, दोन्ही इंजिनं बंद पडलीत. घाबरा की जरा!”

“सर, घरच्या सिम्युलेटरवर चार हजार वेळा विमान उतरवलंय मी.”

“उतरतं ते आपलं आपण. पण पुढे जीव मुठीत धरून बसलेलं माणूस दिसल्याशिवाय प्रवासी चढत नाहीत, म्हणून पायलट लागतो. नापास.”

सातवीपासूनचं स्वप्न संपलं.

“पहिल्या फ्लाइटला आईला नेणार होते,” ती पुटपुटली.

घाममापक वाजू लागला.

“थांबा! आई मागे बसलीय असं समजून पुन्हा उतरवा.”

घरी आईनं जेवायला हाक मारली की दाबायचं ते पॉझचं बटण मृण्मयीचं ओलं बोट शोधू लागलं. इथे ते नव्हतं.

परीक्षकांनी ‘पास’ लिहिलं.