हा जून की पुढचा

खिडकीमागच्या बाईंनी फॉर्म परत सरकवला. कुठल्या जूनमध्ये परीक्षेला बसणार त्या रकान्यात खूणच नव्हती. हा जून की पुढचा, ते ठरवून आणा आणि चारच्या आत आणा, असं त्या म्हणाल्या.

जनीन स्टबिंग्ज फॉर्म घेऊन बाकावर बसली. सकाळी सहाची पाळी संपवून ती इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या गोदीवरून थेट कॉलेजात आली होती. हात तीनदा धुतले तरी माशाचा वास गेला नव्हता. अठरा वर्षं मासे साफ केल्यावर तिला आता सुईण व्हायचं होतं. विद्यापीठाने सप्टेंबरची जागा देऊ केली होती, पण जीवशास्त्राची ए-लेव्हल, म्हणजे तिकडची बारावीसारखी परीक्षा, चांगल्या श्रेणीत सुटली तरच. कुठल्याही परीक्षेला बसून तिला सत्तावीस वर्षं झाली होती, आणि तेव्हा ती नापास झाली होती.

घरी बसून अभ्यास करायला किती वेळ लागतो, हे तिने दिसेल त्याला विचारलं होतं. इंटरनेटवर साडेतीनशे तास लिहिलं होतं. ग्रंथालयातल्या बाई दोन वर्षं म्हणाल्या. तिने तासांचा हिशोब करायला घेतला आणि तिथेच घोळ झाला. बसमध्ये वाचलेलं धरायचं का? एकच पान चार वेळा वाचलं तर ते एकदा धरायचं की चारदा? पुस्तकावर डोकं टेकून झोप लागली, तो वेळ?

बाकावर त्याच परीक्षेला बसणारी आणखी दोघं होती. सतरा वर्षांची इमोजेन, शाळा सोडून घरी शिकणारी. तिला जनीनने विचारलं, तर ती म्हणाली, पाच महिने. पलीकडे ऑडलिंग नावाचे म्हातारे गृहस्थ होते, पूर्वी बस चालवायचे. त्यांचं हे तिसरं वर्ष होतं आणि दोनदा ते नापास झाले होते. पाच महिने आणि तीन वर्षं. जनीनने दोन्ही आकडे ऐकले आणि पेन पुन्हा खाली ठेवलं.

"मला ते मूत्रपिंडच बुडवतं," ऑडलिंग म्हणाले. "ती वाकडी नळी. मीठ इकडून जातं, पाणी तिकडून. पाठ करतो नि विसरतो."

"पाठ कशाला करता?" जनीन म्हणाली. "मासा चिरलाय ना कधी? कण्याला काळपट लाल पट्टी चिकटलेली असते, ते त्याचं मूत्रपिंड. मी रोज खरवडते. पण समुद्रातला मासा जादा मीठ कल्ल्यांतून टाकतो, त्याला ती नळी लागतच नाही. आपल्याला कल्ले कुठायत?"

मग तिने बाकावर बोटाने नळी काढली. उतरत्या बाजूने पाणी बाहेर जातं. चढत्या बाजूने मीठ बाहेर ढकललं जातं, पण पाण्याला तिथून वाट नसते. त्यामुळे भोवतालचा भाग खारट होत जातो, आणि शेवटच्या नळीतून जाताना लघवीतलं पाणी त्या खारटपणाकडे ओढलं जातं. सांगताना ती एकदाही अडखळली नाही. हे आपल्याला कधी कळलं, बसमध्ये की पहाटे, ते मात्र तिला आठवेना.

ऑडलिंगनी बाकाच्या लाकडावर स्वतःच्या बोटाने तीच नळी काढून पाहिली.

इमोजेनने मांडीवरची वही उघडली होती. "चढत्या बाजूचं पुन्हा सांगाल?" ती हळूच म्हणाली. "मी ते नुसतं घोकलंय."

जनीनने पुन्हा सांगितलं. इमोजेनने लिहून घेतलं, एक बाण खोडला, उलटा काढला.

चारला पाच मिनिटं होती. खिडकीतल्या बाईंनी पडदा अर्धा ओढला. जनीन उठली. किती तास झाले ते तिला अजून माहीत नव्हतं. बाकावरून उठेपर्यंत कळेल असं वाटलं होतं, तेही झालं नाही. तिने खिडकीपाशी उभ्या उभ्या, फॉर्म भिंतीला टेकवून खूण केली.

बाईंनी रकाना पाहिला. "हा जून. नक्की ना? नंतर बदलता येत नाही."

"नाही, नक्की नाही," जनीन म्हणाली आणि फॉर्म आत सरकवला.