शेजारणीचा रखडणारा फोन

"अपडेट केल्यापासून माझा फोन मेला नुसता रखडतो," प्रमिलाबाई जिन्यात कौतुकानं सांगत होत्या. म्हणून त्यांचा मुलगा दर रविवारी यायचा, फोन दुरुस्त करायचा आणि जेवूनच जायचा. त्याची चप्पल दारात दिसली की समोरच्या कुमुदताईंच्या पोटात दुखायचं.

कुमुदताईंच्या मुलानं महागडा फोन घेऊन दिला होता. फोन कधी अडकायचाच नाही. "आई, अपडेटचं बटण दाबू नकोस, फोन बिघडेल," एवढं बजावून जो बंगळुरूला गेला, तो तिकडचाच झाला.

या रविवारी समोरून वालाच्या बिरड्याचा वास आला. कुमुदताईंनी चष्मा लावला, ते बटण दाबलं आणि मुलासाठी वाल भिजत घातले.

तासाभरानं फोन सुरू झाला. पहिल्यापेक्षाही सुसाट चालत होता.