अळणी आमटी

हेमलताबाईंनी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नव्हतं. पानातल्या मिठाला बोटही न लावता श्रीधरराव ती भुरकून म्हणाले, "छान झालीय." पूर्वी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं आणि संध्याकाळी मुकाट्याने गरम जिलबी आणली असती. दंडात संप्रेरकांचा तोल राखणारं यंत्र बसवल्यापासून राग गेला, जिलबीही गेली.

"ह्यांचा राग थोडा परत द्या हो," यंत्र बसवून देणाऱ्या केंद्रावर त्या दमून म्हणाल्या.

"एकट्या रागाला हात लावता येत नाही, काकू. सगळी संप्रेरकं एकमेकांत गुंतलेली असतात. झोप उडेल, रक्तदाब चढेल," तिथली मुलगी म्हणाली. "त्यापेक्षा तुम्हीही यंत्र बसवा. मग काही खुपणारच नाही."

शेजारी श्रीधरराव प्रसन्न हसत होते. हेमलताबाईंनी बाही वर केली.