परत आलेले पेढे

काल पाठवलेला पेढ्यांचा पुडा जसाच्या तसा हातात घेऊन व्यंकटराव दारात उभे राहिले, तेव्हा प्रेरणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आनंदाचे पेढे परत करायचे म्हणजे तोंडावर अपमानच. आणि तोही नेमका आज, तिची सासू वच्छलाबाई हातातल्या पाटल्या रुमालात बांधून सोनाराकडे निघालेली असताना.

व्यंकटरावांचं शहराच्या छावणी भागात शाली-गोधड्यांचं जुनं दुकान. प्रेरणानं चिकलठाण्यात भाड्याच्या खोलीत गोधड्या शिवून घ्यायला सुरुवात केली, त्यांच्याकडच्या दोन बाया तिच्याकडे आल्या आणि तेव्हापासून बोलणं बंद. म्हणून तर परदेशातल्या हॉटेलची ऑर्डर ईमेलवर आली, तेव्हा वच्छलाबाईनं पेढ्यांचा पहिला पुडा हौसेनं छावणीत धाडला होता.

"या, बसा," प्रेरणा म्हणायचं म्हणून म्हणाली.

ते बसले नाहीत. भुईवर पाय पसरून शिवणाऱ्या बायांच्या सुया थांबल्या. बाहेर टँकरपाशी हंड्यांचा कालवा चालला होता.

"एजंटाचे पैसे भरलेस का?"

प्रेरणा चरकली. एजंटाचं तिनं घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"आधी सांग, भरलेस?"

"नाही. आज भरणार. त्याच्यासाठीच तर..." तिनं सासूच्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं.

व्यंकटराव होते तिथंच मटकन खाली बसले. उपरण्यानं घाम पुसला आणि लहानपणी पाठ केलेला परवचा म्हणावा तसं डोळे मिटून म्हणू लागले. ऑर्डर देणाऱ्या बाईचं हॉटेल समुद्राकाठी आहे. भावात एका शब्दानं घासाघीस नाही. घशाचं ऑपरेशन झालंय म्हणून फोनवर बोलता येत नाही. माल न्यायला तिचा एजंट येईल, त्याचे पैसे आपण भरायचे, ती मागून सगळे एकदम देईल. आणि घाई का, तर मुलीचं लग्न आहे. मुलीचं नाव...

"लॉरा," प्रेरणा हळूच म्हणाली.

"लॉरा," ते म्हणाले. "दुसरं नाव सुद्धा शोधलं नाही मेल्यांनी. हॉटेल नाही, बाई नाही. एजंट तोच अन् बाईही तोच. पैसे गेले की मेल बंद."

बाया पुढ्यातल्या गोधडीकडे पाहू लागल्या. मधोमध पसरलेली लाल काठाची गोधडी ऑर्डरमधली नव्हतीच. मेलमध्ये पोरीच्या लग्नाचं आलं आणि बायांना राहवलं नाही. लेकीची आई इतक्या दुरून काम देते, तर तिच्या लेकीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? मग प्रत्येकीनं आपल्या लुगड्याचा एकेक तुकडा त्यात घातला. पाण्यापायी पिशोर गाव सोडून आलेल्या मनकर्णाबाईनं तर स्वतःच्या लग्नातल्या शालूचा पदर कापला होता.

"म्हंजी पोरगीच नाय व्हय?" तिनं विचारलं. पैशांपेक्षा तिला तेच जास्त लागलेलं दिसत होतं.

"नाही हो मनकर्णाबाई." व्यंकटराव गोधडीकडे बघत म्हणाले. "मी पण तिच्यासाठी हिमरूची शाल बाजूला काढली होती. आहेराची. अजून कपाटात आहे. एजंटाच्या पायी दुकान गहाण पडलं माझं. घरात आमच्या हिला सुद्धा ठाऊक नाही. दुष्काळानं गिऱ्हाईक आटलं, असंच सगळ्यांना सांगत आलो."

त्यांना सोडून आलेल्या दोघी समोरच बसल्या होत्या. त्यांच्यादेखत हे बोलताना या ताठ माणसाला काय वाटलं असेल, ते प्रेरणाला कळलं आणि तिचे डोळे भरून आले. घरी गप्प बसून राहणं त्यांना किती सोपं होतं. आपलं घर आज या माणसानं वाचवलं, एवढंच तिच्या मनात राहिलं. तिनं पदर सावरला आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

"अगं, अगं," म्हणत ते मागं सरकले.

वच्छलाबाईनं रुमालाची गाठ सोडली आणि पाटल्या पुन्हा हातात चढवल्या. मग पुढं होऊन त्यांच्याजवळचा पुडा उचलला नि त्याचा दोरा तोडला.

"व्यंकटराव, खोटं कशाला बोलू? तुमची जळावी म्हणूनच धाडले व्हते म्या हे पेढे."

"जळलीच की!" व्यंकटराव म्हणाले. "पेढ्यांबरोबरचा निरोप ऐकला, हॉटेलचं नाव ऐकलं, तेव्हाच ओळखलं मी. म्हटलं, बुडू दे हिला पण. मी बुडालो, तेव्हा कोण आलं होतं? काल संध्याकाळपर्यंत असंच म्हणत होतो." त्यांनी पुड्याकडे पाहिलं. "पण पुडा काही सोडवेना. उघडला असता, पेढा तोंडात टाकला असता, तर मग आज यायला तोंडच उरलं नसतं."

"आता खा."

"आता कशाचे? ऑर्डर तर गेली."

"जाऊ द्या तिला," वच्छलाबाई म्हणाली. पाटल्यांचा हात पुढं करून तिनं पेढा त्यांच्या तळहातावर ठेवला. "हा ह्या हातात पाटल्या ऱ्हायल्या त्याचा."