प्रिव्ह्यूतलं कोरं पान

"मॅडम, इथे नुसतं कोरं पान दिसतंय हो!"

तिने "कॉम्प्युटर विभाग" एवढं म्हणेपर्यंतही त्याला दम निघाला नव्हता. आवाज असा खणखणीत की ती फोन नेहमीसारखा कानापासून वीतभर लांबच धरून बसली.

"कुठे दिसतंय कोरं?"

"प्रिंट प्रिव्ह्यूत. शीटवर तक्ता जागच्या जागी आहे. ड्रायव्हर, कंडक्टर, गाडी, वेळ, सगळं. प्रिंट काढायला गेलो की पांढरंफटक पान. दुपारची पाळी सुरू होईल, माणसं बोर्डापाशी ताटकळतील आणि शिव्या मला घालतील."

बस डेपोतला ड्युटी क्लार्क. कोणी कोणत्या गाडीवर जायचं हे ठरवणारा. अख्ख्या डेपोला मार्गाला लावणारा हा गृहस्थ त्या एका स्क्रीनपुढे मात्र हात टेकायचा.

बिघाड काय आहे, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने लांबून सुरुवात केली.

"प्रिंटर चालू आहे?"

"हिरवा दिवा लागलाय."

"पान फार लहान तर दिसत नाही?"

"छे! चांगलं ताटाएवढं आहे. पण रिकामं ताट."

ती हसली नाही. पूर्वी हसली असती. हल्ली तिला आतून काहीच वाटत नसे. कामं उरकली जात, दिवस ढकलले जात. या फोनपुरती मात्र ती सावरून बसे. तो काहीतरी विचारायच्या बेतात असे आणि ऐन वेळी कच खाई. आज तरी त्याने विचारावं, एवढंच तिला हवं होतं.

"अक्षरांचा रंग पांढरा तर नाही ना झाला?"

"काळीकुट्ट आहेत अक्षरं. मॅडम, तुम्ही माझी फिरकी तर घेत नाही?"

"नाही हो. पेज लेआउटमध्ये जा. प्रिंट एरिया दिसतोय? त्यावर क्लिक करा. आता क्लिअर म्हणा."

"म्हटलं."

"आता बघा प्रिव्ह्यू."

माउसचे दोन-तीन टकटक आवाज आले.

"आला! अहो, अख्खा तक्ता आला! पण शेवटचा रकाना पळाला की दुसऱ्या पानावर."

"पान आडवं करा. खाली स्केलिंग आहे, तिथे सगळे रकाने एका पानात बसवा."

"बसला!" त्याचा जीव भांड्यात पडला. "काय झालं होतं हो?"

"एकच रिकामा चौकोन प्रिंट एरिया म्हणून ठरला होता. कॉम्प्युटर बिचारा तेवढाच छापायला निघाला."

"असले उद्योग कोण करतं?"

"होतं असं कधीकधी."

काम झालं होतं, पण त्याने फोन ठेवला नाही. तीही थांबली.

"मॅडम, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचारा."

"तुमचं... लग्न झालंय का हो?"

या प्रश्नाचं उत्तर तिने मनात कितीतरी वेळा घोळवलं होतं. नाही म्हटलं तर तो खुलला असता. खरं सांगितलं तर फोन करायचाच थांबेल, ही धास्ती होती. पण खोटं बोलायची वेळ आली तेव्हा तिच्याने ते बोलवेना.

"झालंय," ती म्हणाली.

"असं होय. माफ करा हं. मला आपलं उगाच..." तो घुटमळला. "काय करतात मिस्टर?"

"घरीच असतात."

"मग काय, गप्पा रंगत असतील."

"माझ्याशी नाही बोलत ते."

"तुमच्याशी? मूर्ख आहे तो माणूस!" तो तावातावाने म्हणाला आणि लगेच ओशाळला. "सॉरी हं. पण तुम्ही इतकं शांतपणे समजावता. माणसाला बरं वाटतं ऐकून."

"ठेवते," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिला रडू येईलसं वाटलं, पण आलं नाही.

तिने पाण्याचा पेला भरला, गोळ्यांची डबी उचलली आणि शेजारच्या खोलीचं दार ढकललं.

नवरा कॉम्प्युटरपुढे बसला होता. डेपोतून निवृत्त होऊन वर्षं लोटली, हे त्याला आता आठवत नसे. मोबाइल अजून हातातच होता, चेहरा पडलेला. त्याने तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि गोळ्या मुकाट घेतल्या.

"बाई, आंघोळीचं पाणी काढलंत का?"

"काढलंय."

तो टॉवेल घेऊन आत गेला. न्हाणीघराची कडी लागली, तशी ती त्याच्या खुर्चीत बसली, तक्त्याबाहेरचा एक रिकामा चौकोन निवडला, तेवढाच प्रिंट एरिया ठरवला आणि फाइल सेव्ह केली.