पाहुण्यांच्या सपाता

टोळीच्या कचेरीवर छापा घालायचाय हे आम्हा फुकुओकाच्या पोलिसांनाही सकाळी गाडीत बसल्यावरच कळलं. तरी टोळीतल्या म्हाताऱ्या निशिगाकीने हसत दार उघडलं. उंबऱ्याशी पाहुण्यांसाठी सपाता मांडलेल्या, आम्ही जितके तितक्याच. त्यांत एक जोड बायकी मापाचा. पथकात बाई मी एकटीच, तीही कालच बदलून आलेली. "या ताई, बूट तेवढे काढा. चहा टाकलाय," म्हातारा म्हणाला. आतली कपाटं सताड उघडी आणि रिकामी. "साहेब, आपल्यातलंच कुणीतरी फितूर आहे," मी आमच्या पथकाचे प्रमुख कुवाबारासाहेब यांच्या कानाशी पुटपुटले. "ते नंतर बघू. आधी बूट काढ, लोकांच्या घरात आलीयेस," ते खेकसले. मांडलेल्या सगळ्या सपाता कोऱ्या होत्या, एकच जोड जुना, टाचेपाशी दबलेला. खाली न बघताच साहेबांनी त्यात पाय सरकवले. मी चिखलभरल्या बुटांनिशी थेट टोळीच्या चटईवर चढले.