धरून आहे

"आहात का हो वर? की गेलात?"

दोर खाली सोडलेल्या भोकांतून आवाज आला. दवाखान्याच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत लिफ्टचा मेस्त्री उकिडवा बसला होता. अंगात चर्चमधल्या उपासनेसाठी घातलेला इस्त्रीचा पांढरा सदरा, बाह्या कोपराच्या वर सारलेल्या. खाली, दोन मजल्यांच्या मध्ये, लिफ्ट अडकली होती आणि लिफ्टमध्ये एक मावशी.

"आहे, मावशी. कुठे जातोय?"

"मग तोंडाने बोला की! इथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. वरच्या मजल्यावर आमचे हे ऑपरेशनसाठी चाकांच्या गाडीवर निजलेत. चष्म्याशिवाय शेवटच्या मजल्यावर ऑपरेशनला जाणार नाही म्हणून हटून बसलेत. घरून चष्मा आणला, तर मीच मध्ये लटकले."

मेस्त्रीचा फोन वाजला. पाळकसाहेब होते.

"अरे, आहेस कुठे? मंडळी बसली. साथ करणारे गळे साफ करून उभे आहेत. आज तू गाऊन उपदेश करणार म्हणून सगळीकडे सांगून ठेवलंय मी."

"साहेब, दवाखान्यात अडकलोय. म्हणजे मी नाही, एक मावशी अडकल्यात."

"दुसरं कोणी नाही का तिथे? देवाचं काम टाकून तू—" पाळकसाहेब मध्येच थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "बरं. मी बघतो इकडचं. त्या बाईंना आधी बाहेर काढ."

मेस्त्रीने फोन खिडकीत ठेवला. वर्षभर मागे लागून त्याने या उपदेशाची संधी मिळवली होती. विषय प्रकाशाचा. अंघोळ करताना, जेवताना, दोरांना तेल लावताना तो त्याची कडवी गुणगुणत होता. बायकोने तर कानांत बोटं घातली होती. त्याने मेन स्विच बंद केला आणि खालच्या बाईला धीर यावा म्हणून त्यातलीच पहिली ओळ गायला सुरुवात केली.

"गाणं बंद करा आधी!" खालून गर्जना झाली. "माझ्यावर काय वेळ आलीय आणि याला गाणं सुचतंय! आणि प्रकाश कसला? वीज गेलीय तुमची!"

मेस्त्रीला हसू आवरेना. "खरंय, मावशी. विषयच चुकला माझा."

"दोर किती जुने आहेत ते सांगा. तुटले तर?"

"दोर चांगले आहेत, मी स्वतः बदललेत. आणि ब्रेक आहे ना."

"विजेवर चालतो ना तो ब्रेक? मग वीज गेल्यावर कसला ब्रेक आणि काय!"

"उलटं आहे, मावशी. वीज ब्रेकला उघडून धरते, म्हणून लिफ्ट चालते. वीज गेली की स्प्रिंग त्याला मिटवते. आता दिवा गेलाय, पंखा गेलाय, पण ब्रेक घट्ट आहे. अंधार झाला की तो सोडत नाही, धरतो."

 खालून, बऱ्याच मवाळ सुरात, "बरं."

"आता मी ब्रेकचा दांडा ओढणार आणि हाताने चाक फिरवणार. थोडा हिसका बसेल."

"आत्ता तर म्हणालात धरतो! आणि आता सोडणार?"

"तुम्हाला वर घ्यायचं तर उघडायला हवा. चाक माझ्या हातात आहे."

"आणि हात दुखला तुमचा तर?"

"दुखला तर मी दांडा सोडेन. मी सोडला की ब्रेक धरेल. माझ्या भरवशावर नाही तुम्ही, मावशी."

त्याने दांडा ओढला. चाक जड हलले. दोर दोन बोटे सरकले आणि खालून "आई गं!" ऐकू आले.

"अहो, गप्प नका ना बसू! गप्प बसलात की वाटतं सोडून गेलात. गा हवं तर. पण प्रकाश नको."

मेस्त्रीला तयार केलेले एकही कडवे आठवले नाही. एका हाताने दांडा आणि एका हाताने चाक ओढत, धापा टाकत, ओळी जशा आल्या तशा तो गाऊ लागला. वीज गेली, दिवा गेला, तो धरून आहे. माझा हात थकला तरी तो धरून आहे. चाकाच्या प्रत्येक ओढीला पालुपद येत होते. मध्ये दोनदा त्याने दांडा सोडून हात झटकले. दोन्ही वेळा लिफ्ट जागच्या जागी राहिली. दुसऱ्या वेळी मावशी ओरडल्या नाहीत.

दोरावरची पिवळी खूण मशीनच्या कडेशी आली. लिफ्ट मजल्याला लागली. मेस्त्रीने दांडा सोडला आणि हाक मारली. खाली रखवालदाराने दार सरकवल्याचा आवाज आला.

मग त्याने जळालेला फ्यूज बदलला, रिकामी लिफ्ट वर-खाली नेऊन पाहिली. मावशींचा चेहरा त्याने पाहिला नव्हताच. फोन खिडकीत दोनदा थरथरून गप्प झाला होता. सदऱ्यावर ग्रीसचे पट्टे उठले होते.

खाली चाकांची गाडी लिफ्टपाशी येऊन थांबली. एक म्हातारा आवाज कुरकुरला, "याच लिफ्टने? मघाशी अडकली ती?"

"हीच. आधी चष्मा घाला बघू. आणि हात द्या इकडे."

"वीज गेली तर?"

"गेली तर जाऊ द्या. ब्रेक धरतो. मी बघून आलेय."

दार लागले. मोटार घुमली, ब्रेक उघडला, दोर वर सरकू लागले. मेस्त्री चाकाजवळ उभा राहिला. त्या भोकांतून, मोटारीच्या घरघरीतून, एक बेसूर, थरथरता आवाज हळूहळू जवळ येत होता. वीज गेली, दिवा गेला...

पालुपद आले तेव्हा मेस्त्रीने वरून साथ धरली.